मोर्शी रोडचा प्लॉट

माझी एक दाढ दीड वर्षं दुखत होती. निदान घरी तरी मी तसंच सांगितलं होतं. खरं म्हणजे मला डिप्रेशन होतं, आणि अमरावतीत त्या डॉक्टरच्या पायरीवर कुणी पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत माझ्या शाळेत कळलं असतं. म्हणून महिन्यातून एकदा बिनपगारी रजा टाकून मी अकोल्याला जायचे. फी, गोळ्या, एसटीचं तिकीट. शिकवणीचे पैसे त्यातच संपत. एकदा नवऱ्याने विचारलंच, "एक दाढ हाय का पुरी बत्तीशी?" तो हसला, पण मला वाटलं, याला सुगावा लागला. तेव्हापासून मी पर्स उशाशी घेऊन झोपू लागले.

या आजाराबरोबर संशय फुकट मिळतो. अकोल्यात माझा सख्खा मोठा भाऊ राहतो, पण मी त्याच्याकडे फिरकत नव्हते. वहिनीने दाढ दाखवा म्हटलं असतं तर?

मग शेजारीण म्हणाली, तुमचे भाऊ पंचवटी चौकात दिसले, हातात फाइल होती. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अमरावतीला येतो आणि बहिणीकडे चहालाही येत नाही? माझं डोकं तडक मोर्शी रोडच्या प्लॉटवर गेलं. बाबांनी तो आम्हा दोघांच्या नावावर ठेवला होता. दादा तो परस्पर विकतोय, याची मला इतकी खात्री झाली की त्या वर्षी राखी मी पोस्टाने पाठवली.

पुढच्या खेपेला परतताना बस मूर्तिजापूरला थांबली. स्टँडवर दादा चहा पीत उभा होता. अमरावतीहून घरी निघालेला, काखेत तीच फाइल.

मी चारचौघांत ओरडले, "प्लॉट इकून राहिला ना तू? मले सारं माहीत हाय!"

त्याने फाइल माझ्या हातात दिली. आत खरेदीखत नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर माझ्याच गोळीचं नाव.

"अकोल्यात सारे ओयखतात," तो खाली बघत म्हणाला. "घरी कोणाले सांगू नको, बाई."

मला रडू आलं, ते आधी लाजेनं. त्याचं तोंड सुकून गेलं होतं आणि मी प्लॉट राखत बसले होते. पर्समधली स्ट्रिप काढून मी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटून नाव वाचलं आणि भडकला.

"मंग घरी काहून येत नव्हती?"

"अन् तू?"

आता महिन्यातून एकदा, डॉक्टरकडे आला की, तो माझ्याकडे जेवतो, एकदा मी त्याच्याकडे. दोन्ही घरी सांगून ठेवलंय, प्लॉटचा वाद आहे, बसून मिटवतोय. कुणी खोदून विचारत नाही. परवा नवरा मला म्हणाला, "आपला हक्क सोडू नको. किती बी दिवस लागू दे, मी हावो तुह्या पाठीशी." किती मायेनं म्हणाला! त्या क्षणी त्याला खरं सांगावं असं फार वाटलं. पण आमच्याकडे भांडणाच्या पाठीशी सगळे उभे राहतात, आजाराच्या राहतील का, याची खात्री नव्हती. मी फक्त हो म्हणाले.