गावदेवीपाशी ब्रेक

दिनानाथ पाहुण्यांची बस चालवतो. पाहुणे म्हणजे परदेशी पत्रकार. सरकार त्यांना विमानाचं तिकीट देतं, हॉटेल देतं आणि आपल्याला दाखवायचं तेवढंच दाखवतं. नवी मुंबईच्या वाट्याला एक दिवस: खाडीलगतचा नवा रस्ता, मग नवा प्रकल्प, तळोज्यातला एखादा चकचकीत कारखाना, जेवण, परत.

प्रकल्पाच्या अलीकडे, दिव्याच्या एका खांबापाशी, तो बस हळू करायचा, उजवा हात कपाळाला आणि छातीला लावायचा, मग पुढे. तिथे काही नाही, डांबर आहे. पूर्वी गावदेवीचं देऊळ होतं, देवळामागे दिनानाथचं घर. घरावर जेसीबी फिरला तेव्हा तो बघत उभा होता. रडला वगैरे नाही. देवी नव्या सेक्टरात नेली, तिला टाइल्सचं देऊळ मिळालं. ह्याला बदली घर मिळालं आणि ही कंत्राटी नोकरी. हात तेवढा जुन्या जागी उठत राहिला.

नेमकं त्याच खांबापाशी पाहुण्यांसोबत असणाऱ्या, माहिती खात्याच्या प्राची मॅडम माइकवर सांगतात, इथे पूर्वी नुसती दलदल होती. सांगतात इंग्रजीत, पण सहा वर्षांत दिनानाथला तेवढं इंग्रजी कळायला लागलं आहे. कळून काय व्हायचंय?

जानेवारीत पुढच्या सीटवरच्या एका डॅनिश बाईने मॅडमना विचारलं, "दलदलीला हा नमस्कार का करतो?"

इकडचे ड्रायव्हर भाविक असतात, असं मॅडमनी हसून सांगितलं. बाई हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जेवणाच्या वेळी मॅडम बसपाशी आल्या.

"दिनानाथ, ते हात लावणं बंद करा. प्रश्न येतात."

"सवय हाय मॅडम. हात आपोआप जातो."

"मग आवरा त्याला. मार्चला तुमचं कंत्राट संपतंय, फाइल माझ्याकडेच येणार. मलाही वर उत्तरं द्यावी लागतात हो."

"बरं."

"रागावलात?"

"नाय. कशाला?"

तो खरंच रागावला नव्हता. रागवायला आत काहीतरी हलावं लागतं.

घरी बायकोला, राहीबाईला, त्याने हे सांगितलं. ती तांदळाची भाकरी थापत होती.

"तुमची देवी तिथं हाय कुठं आता? ती बसलीय सेक्टरात, पंख्याखाली. रविवारी जा नि जोडा हात, पायजे तेवढं. नोकरी गेली तर खायचं काय?"

"जाईन."

गेला नाही. गेल्या वर्षी गेला होता, तर तिथे हात उठलाच नव्हता.

पुढच्या फेरीला त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. बोटं दुखली. हात उठला नाही, पण खांबापाशी पाय ब्रेकवर गेला. मॅडमनी आरशातून पाहिलं. फेब्रुवारीत त्याने पायही आवरला.

मार्चमध्ये कंत्राट वाढलं. राहीबाईने शेजारी पेढे वाटले.

एप्रिलच्या फेरीत पाहुणे जपानी होते. तळोज्यातल्या कारखान्याच्या फाटकात बस उभी करून त्याने हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की खांब येऊन गेला. कधी, ते सांगता येईना. मॅडम दलदलीचं बोलल्या असणारच, तेही आठवेना.

पाहुणे उतरले. शेवटी मॅडम उतरल्या, घड्याळ बघत.

"आज अगदी वेळेत आणलंत."

"रस्ता मोकळा होता," दिनानाथ म्हणाला.