न चावणारा कागद

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापतो असं कुणी म्हणत नाही, चावतो म्हणतात. सुरीने कापलं तर कापलं, पण कागदाने कापलं तर चावलं. माझी आत्या सतराव्या वर्षी तिथे घड्या घालायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला तो एकोणीस वेळा चावला होता. हा आकडा चौपन्नाव्या वर्षीही तिला पाठ होता. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी मलाच सांगावा लागायचा.

मी सात वर्षांची असताना माझी आई गेली आणि बाबांनी मला त्यांच्या या बिनलग्नाच्या बहिणीकडे आणून सोडलं. दीड खोली, एक स्टोव्ह, आणि नाकावर माशी बसू न देणारी आत्या. लाड तिला करता यायचे नाहीत. पण मला ताप आला की ती रात्रभर माझ्या कपाळावर हात ठेवून बसायची, आणि तो हात इतका खरखरीत असायचा की मी तापातही तक्रार करायचे. पुढे माझं शिक्षण आटोपलं, म्हणजे मीच ते आटोपतं घेतलं, आणि तिने मला आपल्या समोरच्या शिलाईच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून आठ तास तिचे हात माझ्या डोळ्यांसमोर असत. तरी मला काही दिसलं नाही, आणि याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

कारखान्यात एक जुनी रीत होती. संध्याकाळी हात धुताना कारखाना चालवणारे मास्तर प्रत्येकाला विचारायचे, "आज कितीदा?" नवखा माणूस बोटं पुढे करायचा, बाकीचे हसायचे. वर्षानुवर्षं काम केलं की कागद माणसाळतो, जुन्या हाताला ओळखतो, अशी सगळ्यांची समजूत होती. ज्याला वर्षभरात एकदाही चावला नाही, त्याला खिडकीजवळची जागा मिळायची. उजेडाची, वाऱ्याची आणि मानाची.

ती जागा चार वर्षं रिकामी होती. तिथे मास्तरांचे वडील, म्हणजे थोरले मास्तर, बसायचे. तिथेच बसल्या बसल्या एका दुपारी गेले. त्यांच्या हातात लाल पेन्सिल असायची, चुकलेल्या घडीवर ते कोपऱ्यात केसासारखी बारीक रेघ मारायचे. ती रेघ दिसली की घडी पुन्हा घालायची.

दोन वर्षांपूर्वी आत्याने हात धुताना सांगितलं, "मास्तर, मला हल्ली चावतच नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कटिंग मशीनवरचा माणूस, ज्याला आम्ही कात्रीभाऊ म्हणतो, म्हणाला, "तुम्हाला चावायची कागदाची काय टाप आहे!" वर्ष भरलं तसं मास्तरांनी तिला खिडकी दिली. ती त्या दिवशी घरी येताना रस्ताभर बोलत होती. एवढी बोलकी ती मला कधीच आठवत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी लाल रेघा उमटायला लागल्या.

आधी एका शाळेकडून आदल्याच दिवशी पाठवलेला कोऱ्या वह्यांचा गठ्ठा परत आला. आतल्या पानांवर, खालच्या कोपऱ्यात, केसाएवढी लाल रेघ. एका वहीत सहाव्या पानावर, दुसरीत चाळिसाव्या. घडी कुठेच चुकलेली नव्हती. मास्तरांनी वही उघडली आणि पटकन मिटली. वडिलांचं अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती रेघ ओळखली होती.

"थोरले मास्तर तपासायला येतायत," कात्रीभाऊ म्हणाला. तो थट्टाच करत होता, पण दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी जेवायला एकटा आत बसेना.

पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा रेघा. आम्ही पेन्सिली शोधल्या, खण उपसले. एकही लाल पेन्सिल कारखान्यात नव्हती. मग मी एक पान घरी आणून भिंतीला टाचलं. दोन दिवसांत ती रेघ तपकिरी झाली. पेन्सिल अशी विटत नाही, हे मला कळत होतं, आणि त्यापुढचा विचार मी करत नव्हते.

सगळ्यात जास्त घाबरली ती आत्या. ती काम करता करता एकदम मागे वळून बघायची. म्हणायची, "ते माझ्या पाठीशी उभे राहतात गं. मी घडी घालते आणि माझ्याच हाताखाली रेघ येते. आधी कागद कोरा असतो, मी स्वतः बघते." तिच्या घड्यांत हल्ली दोन-दोन कागद एकत्र यायचे, पूर्वी असं कधी झालं नव्हतं. आम्ही त्याचं खापर चिकट खळीवर फोडलं. चहाचा पेला हातातून निसटला तेव्हा भीतीवर फोडलं. चूक शोधायला थोरले मास्तर आलेत आणि चूक आपलीच आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

एका दुपारी कात्रीभाऊ काहीतरी पाचकळ बोलला आणि आत्या बऱ्याच दिवसांनी हसली. तिचा हात चालूच होता. तिने ताव ओढला, आणि त्याची कड तिच्या मधल्या बोटात शिरताना मी पाहिली. वरवर नाही, चांगली आत शिरली आणि पेरभर सरकत गेली. मी माझंच बोट तोंडात घातलं. आत्या हसतच होती. तिने तोच ताव घडी केला, बोटाने कोपरा दाबला, आणि कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली.

"आत्या, हात बघ."

तिने पाहिलं. आमच्याकडे वह्यांच्या पाठीला लाल कापड लागतं, त्याचा रंग सुटतो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचेच हात लाल असतात. "रंग आहे," ती म्हणाली.

मी तिला नळाखाली नेलं. रोजच्या वरवर धुण्याने न जाणारा रंग साबणाने घासून काढला. उरल्या त्या चिरा. अंगठ्यावर, पहिल्या बोटावर, मधल्यावर, जुन्या आणि नव्या. मी सतरा मोजल्या आणि मोजणं सोडलं. आत्या त्या बोटांकडे दुसऱ्याच कुणाचे हात असल्यासारखी बघत होती. "हे मला कधी झालं?" तिने मला विचारलं. भुताला मी कधी भ्याले नाही, पण त्या प्रश्नाला भ्याले.

दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरबाईंनी तिला मान वळवायला सांगून बोटांना टाचणी टोचली. अंगठा, काही नाही. पहिलं, मधलं, काही नाही. करंगळीला टोचली तशी ती "आई गं!" म्हणून ओरडली.

मनगटातली नस दाबली गेली होती. सदतीस वर्षं तेच मनगट, तीच घडी. पूर्वी आत्याच्या हाताला रात्री मुंग्या यायच्या, त्या तिने कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या. मग मुंग्याही थांबल्या, आणि तिला वाटलं बरं झालं.

"पण मला एवढासा कागद लागला तरी जीव जातो," मी म्हणाले.

"जाणारच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटांच्या टोकांना नसांची नुसती दाटी असते. त्यात कागदाची कड दिसते गुळगुळीत, पण भिंगाखाली बघा, करवत आहे. चीर वरवरची पडते, रक्त फारसं येत नाही, खपली नीट धरत नाही, नसांची टोकं उघडी राहतात. बोट वाकवलं की पुन्हा फाकते. म्हणून दुखतं, आणि दुखायलाच हवं. यांच्या हातावरचा पहारेकरीच गेलाय."

आत्या वर बघेना. दोन वर्षं ज्याचं कौतुक झालं, ते हे होतं. मला आमच्या टाळ्या आठवल्या आणि स्वतःची शिसारी आली.

छोटं ऑपरेशन करून नस मोकळी केली. बोटांना पुन्हा कळेल की नाही, हे डॉक्टरबाई छातीठोक सांगेनात. फार उशीर झाला होता. कळायला लागेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं. मास्तर भला माणूस. त्यांनी चार महिने जागा धरून ठेवली, पाचवा शक्य नव्हता. आत्याला त्या टेबलाखेरीज या जगात काही येत नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

चौथ्या महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळी तिने कोरा ताव माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. टाचणीवर तिचा विश्वास नव्हता. "टाचणी काय, कुणालाही कळेल. तू कागद ओढ."

"मी नाही ओढणार. वेडी झालीस का?"

"उद्या मास्तरांना काय सांगू मग? मला खरं कळू दे." तिने डोळे घट्ट मिटून हात पुढे केला.

मी ताव उचलला. तिच्या बोटाकडे न्यायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्याच्याने होईना.

"लागलं!" ती एकदम ओरडली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "लागलं गं! मधल्या बोटाला ना? केवढं झोंबलं!"

माझा कागद अजून वीतभर दूर होता. हो म्हणायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. हो म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी हसत कामावर गेली असती आणि त्या खिडकीत बसून पानापानावर रक्त लावत राहिली असती.

"आत्या, मी अजून ओढलाच नाही."

तिचं हसू हळूहळू गेलं. डोळे तिने उघडले नाहीत. हात मागेही घेतला नाही. "बरं," ती म्हणाली, "मग आता ओढ."

मी दात आवळले आणि ओढला. कड आत गेलेली मला बोटांत जाणवली. बारीक लाल रेघ वर आली, थेंब झाली, तिच्या मांडीवर पडली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती डोळे मिटून, मान थोडी पुढे काढून, मन लावून वाट बघत होती.

"ओढ ना गं," ती म्हणाली. "किती वेळ लावतेस?"