पाण्यातला बोका

पेंटरच्या हाताला अक्षर असं होतं की न्हाव्याच्या दुकानाची पाटीसुद्धा लोक थांबून वाचायचे. पण सतरा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक बोका निघाला आणि तो काही केल्या त्याचा पिच्छा सोडीना.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या वनउद्यानात तळ्याकाठी पाटी लावायची होती. तेव्हाच्या साहेबांनी चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं, 'येथे पाणमांजर दिसते. चित्र काढावे.' पेंटरनं पाणमांजर पाहिलं नव्हतं. पण मांजर पाहिलं होतं, पाणीही पाहिलं होतं. त्यानं घरचा बोका समोर बसवला, मिशांचा एकेक केस निगुतीनं काढला आणि त्याला निळ्या पाण्यात गुडघाभर उभा केला. शेपटी वर, झेंड्यासारखी. पाणमांजर म्हणजे चपट्या डोक्याचं, लांबोडकं, मुंगसाच्या थोरल्या भावासारखं जनावर, हे त्याला पाटी ठोकल्यावर कळलं. तोवर लोक बोक्याला टेकून फोटो काढायला लागले होते.

"इथली अशीच असतात," पेंटर ठोकून द्यायचा.

बायको म्हणायची, "मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाचे डोळे मिटत नाहीत हो."

यंदा तो पत्रा गंजून गळायला आला. गावातल्या पाट्या एव्हाना सगळ्या छापील झाल्या होत्या. पेंटरच्या हातचं म्हणून जे काही उरलं होतं ते या उद्यानात. नव्या वनाधिकारी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

"काका, सोमवारी कच्चं चित्र दाखवा. पाणमांजर पाहिजे, बोका नको. जमणार नसेल तर मी फोटो छापून लावते."

"फोटो द्या की. बघून काढतो."

"फोटोच बघून काढायचं, तर मग फोटो काय वाईट?"

पेंटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बाईंचं काही चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबल्या.

रविवारी उजाडताच त्यानं कागद-पेन्सिली पिशवीत भरल्या. बघतो तर बायको दारात बूट घालून उभी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तिला आठच महिने झालेले.

"तू कुठं? तासाभराची चढण आहे."

"तुमच्या एकट्याच्या डोळ्यांचा भरवसा नाही. पुन्हा बोकाच घेऊन याल."

चढणीवर ती वीस-वीस पावलांवर थांबायची आणि थांबली की तिला काहीतरी दिसायचं. कधी सालीवर टकटक करणारा सुतारपक्षी, कधी चिखलात उमटलेले हरणाचे खूर. पेंटर पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभा.

"अगं, ती पाणमांजरं काय आपली वाट बघत बसणार आहेत?"

"बसली तर बरंच."

तासाच्या वाटेला दोन तास लागले. तळ्याकाठी लव्हाळ्यामागं दोघं बसले. बदकं आली, गेली. ऊन पाठीवर आलं. पेंटरचा धीर सुटला आणि नुसतं काय बसायचं म्हणून त्याची पेन्सिल आपसूक चालायला लागली.

बायकोनं कागदात डोकावून पाहिलं. "कान बोक्याचा झाला."

"गप्प बस गं."

तेवढ्यात तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पेन्सिल निसटली. पाण्यावर बुडबुड्यांची रांग उठली. एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. तिसरं तर सरळ समोरच्या दगडावर चढलं, निम्मं अंग वर, निम्मं पाण्यात. पुढच्या दोन हातांत मासा धरून ते डोक्याकडून कुरुमकुरुम चावायला लागलं, शेजारी कोणी पंगतीला आहे का याची पर्वा न करता. कान इवलेसे, जणू घाईत चिकटवलेले. मानेचा पत्ताच नाही.

पेंटरनं पेन्सिल चाचपून उचलली. पाय बधिर झाले, माशी नाकावर बसली, तरी हलला नाही. शेवटी जनावरानं शिंकल्यासारखं केलं आणि बुडी मारली.

"मिशा!" पेंटर बायकोच्या कानात जवळजवळ ओरडला. "मिशा बरोबर होत्या माझ्या!"

"हो बाबा, होत्या," ती हसून हसून लाल झाली. "बाकी जनावर तेवढं चुकलं होतं."

सोमवारी मॅडमनी कागद टेबलावर पसरला आणि वाकून बघितला. ओली लव न् लव उठलेली, तोंडात मासा, डोळ्यांत खादाड समाधान.

"काका, छपाई रद्द. पण मागचे पाय कुठायत?"

"पाण्यात होते. दिसले नाहीत."

"मग काढा की अंदाजानं. कोणाला कळतंय?"

"अंदाजानं एकदा काढलंय मॅडम, त्याला सतरा वर्षं झाली. आठ दिवस द्या. पाय बघतो, मगच काढतो."

मॅडमनी हसत आठ दिवस दिले. पेंटर घरी येऊन सांगतो तर बायको म्हणाली, "आठ कशाला? पंधरा मागायचे. मला ते हरीणही बघायचंय."