मच्छरवाली मॅडम

मच्छरवाली मॅडम कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. मातीच्या भिंतीतल्या भेगांत वाळूमाशी लपते आणि तिच्या चाव्यातून मेंदूचा ताप येतो, हे त्यांनीच मला शिकवलं. पवनीजवळच्या आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स म्हणून नवीच लागले होते. सकाळी अंगणात खेळणारं लेकरू संध्याकाळपर्यंत झटके येऊन जायचं, असे ते पावसाळे होते.

मॅडम पवनीच्याच, मजुराची मुलगी. शिकून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करत. दर पावसाळ्यात काचेची नळी घेऊन माशा पकडायला येत; लोकांना ते मच्छरच वाटत, म्हणून हे नाव. बोली मात्र इथलीच राहिली. परदेशी डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत भांडतानाही मध्येच "अरे बाप्पा!" म्हणत. पुढे पुढे ते गोरे लोकही "बाप्पा" म्हणू लागले.

तीन देशांतली माणसं मिळून या तापावरची लस बनवत होती. आमच्याकडून रक्ताचे नमुने जात. गावातल्या शेवंताची मुलगी आदल्या वर्षी याच तापानं गेली होती. शेवंतानं एकदा मॅडमना विचारलं, "बाई, सुई कधी येते?"

मॅडम खोटा धीर देत नसत. "कामाले लागलो आहोत माय. तीन देश लागले."

"तीन देश लागले, मंग येईलच," शेवंता म्हणाली.

पुढच्या वर्षी मॅडम पेढेच घेऊन आल्या. "सिस्टर, उंदरं वाचले! लस दिलेले सगळे वाचले!" आता माणसांवर चाचणी व्हायची होती.

तेवढ्यात दुसराच एक रोग मोठमोठ्या शहरांत पसरला आणि परदेशी मंडळी तिकडे वळली. मॅडम पहिल्यांदाच भर उन्हाळ्यात आल्या. केंद्राच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "त्यांनी मले विचारलं, दरसाल किती लेकरं जातात? मी सांगितलं. एक जण म्हणाला, एवढ्यांसाठीच? माणूस वाईट नाही सिस्टर. त्याच्याकडंही लोक मरूनच राहिले."

मग त्या स्वतः शेवंताकडे गेल्या. ती तांदूळ पाखडत होती.

"माय, सुई नाही येत."

शेवंताचे हात थांबले. "तीन देश होते ना?"

त्यानंतर त्यांनी संशोधन सोडलं आणि एका कॉलेजात शिकवू लागल्या. इकडे परत आल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांच्या एका पोराला झटके येत असतानाच केंद्रात आणलं. मी त्यांना फोन लावला.

"झटके थांबव, सलाईन लाव, नागपूरले पाठव."

"अजून काही, मॅडम?"

"नाही. अजून काहीच नाही."

नागपूरच्या वाटेवर उमरेडच्या अलीकडूनच आम्हाला गाडी परत फिरवावी लागली. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "गाडी वाटेतूनच परत आणली," एवढं मी सांगितलं, त्यावरून त्या समजल्या. त्यांनी फक्त पोराचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते नाव एकदा हळूच उच्चारून त्यांनी फोन ठेवला.