फोनचे पैसे बाजूला

आमच्या कासू गावातून परदेशी शिकवायला गेलेला पहिला मास्तर म्हणजे कान्हू. बाप लवकर गेला. आई काशीबाई जन्मभर मिठागरावर राबली आणि पोरगा पेणच्या शाळेत गणित शिकवायला लागला. तिथून शहाण्णव साली थेट मालदीवला. आमच्या लोकांना वाटलं, दुबईच्या शेजारीच असेल कुठेतरी. त्यात पगार डॉलरात! झालं, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. माझा तेव्हा स्टेशनाजवळ टेलिफोनचा बूथ होता, म्हणून खरं काय ते मला ठाऊक. उरलेलं त्याने सुट्टीवर आल्यावर माझ्याच बाकावर बसून सांगितलं.

पगार महिना भरल्यावर मिळणार होता. तोवर सोबत नेलेल्या थोड्याशा पैशात भागवायचं. गणिताचाच मास्तर तो! जायच्या आधी माझ्या बूथमध्ये बसून त्याने पहिल्या महिन्याचा हिशोब मांडला. खोली शाळेची, फुकट. मग तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, चहा, साबण. आणि शाळेत जायचं बसभाडं. ते कासू ते पेणच्या अंदाजाने, वर थोडं जास्त, परदेश म्हणून.

मी विचारलं, "आणि फोनचं काय?"

"ते पैसे आधीच बाजूला काढलेत, रंभाताई. तीन मिनिटांचे. महिना संपत आला की रविवारी सकाळी करीन. तू आईला आणून बसव."

तिकडे उतरून बघतो तर बेट एवढंसं! चुलीवर आधण ठेवावं, ते उकळायच्या आत या टोकाकडून त्या टोकाला जाऊन यावं. बस कसली नि भाडं कसलं! मास्तर खूश, तेवढेच वाचले. पण बाजारात गेला आणि डोळे पांढरे झाले. कांदा काय, टोमॅटो काय, सगळं बोटीने यायचं. बोट उशिरा आली की भाव चढला. पेणला पिशवी भरेल एवढ्या पैशात तिथे मूठभर भाजी. पहिल्याच आठवड्यात भाजी बंद झाली, मग चहातलं दूध बंद झालं. शेजारचा होडीवाला कधीमधी मासा द्यायचा, तो भाताबरोबर खायचा. फोनच्या पैशाला मात्र हात लावला नाय.

पोटाचं काय हो, ते भरतं कसंतरी. पण एकटेपण किती लागेल, ते त्याने कुठे मांडलं होतं? शाळेत सगळं इंग्रजीत. बाकीचे मास्तर केरळचे. माणसं भली, पण संध्याकाळी त्यांच्यात त्यांची भाषा सुरू झाली की हा नुसता हसत बसायचा. चारी बाजूंना समुद्र, पण आपल्या खाडीचा चिखल नाय, तो वास नाय.

"भात शिजेपर्यंत मी मोठ्याने पाढे म्हणायचो, रंभाताई," तो मला म्हणाला. "पावकी, निमकी, सगळं. मराठी कानावर पडावं म्हणून."

मला हसू आलं. तो हसला नाय. म्हणाला, कधीकधी रडायचो पण.

ठरलेल्या रविवारी दिव्याला जाणारी सकाळची गाडी गेली आणि काशीबाई आली. एकटी ये म्हणून मी बजावलं होतं. पण मागून तिचे मोठे दीर हैबतराव, त्यांचा मुलगा मितेश आणि अर्धी आळी. परदेशचा फोन म्हणजे जसं काय बारसंच!

फोन वाजला. मी उचलला. "रंभाताई, आई आली?" एवढंच बोलला आणि त्याचा आवाज चिरकला. मी फोन काशीबाईपुढे धरला. तर ही बया काय करते? डोक्यावरचा पदर सारखा करून मागे सरते. "आधी भावजी. मोठे हायत ते."

अगं बाई, तीन मिनिटं! पण थोरल्या दिराच्या आधी पुढे व्हायचं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. हैबतरावांनी छाती फुगवली आणि असे ओरडले की फोनशिवायही मालदीवला ऐकू गेलं असतं. "पगार किती रे? रुपयांत सांग, रुपयांत!" मग तिथे पाऊस हाय काय, माणसं कशी हायत. मग मितेशने ओढून घेतला. त्याला घड्याळ पाहिजे, वॉकमन पाहिजे. मी खुणा करून थकले, डोळे वटारले. शेवटी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि काशीबाईच्या कानाला लावला.

"कान्हू," ती म्हणाली आणि थांबली. मी खेटूनच उभी होते. आतून नुसता टूं टूं येत होता. लाईन गेली होती. उलट फोन लावावा तर तो रस्त्यावरच्या फोनवरून बोलत होता, नंबर कुठला माझ्याकडे!

आता हिला सांगायचं कसं? तेवढ्यात ती बोलायला लागली.

"जेवलास काय रं? मी बरी हाय. गुडघा? नाय, आता नाय दुखत. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. रातचं दार लावून झोप. बोलायला कोनी नसला तं माझ्याशी बोल. मी पन बोलतंय तुझ्याशी, रोज, चुलीम्होरं."

मधेच थांबायची, "व्हय, व्हय" करायची, हसायचीसुद्धा. हैबतराव सगळ्यांना सांगायला लागले, "बघा, आईशी किती बोलतोय! पैशाला मागेपुढे बघत नाय पोरगा." मग "ठेवते रं" म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला. मंडळी खूश होऊन घरी गेली.

ती बाकावर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. "काशीबाई, अगो तो फोन..."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "कानाला लावला तवाच बंद व्हता."

"मग एवढं बोलत का बसलीस?"

"मंग काय करू? आईशी न बोलता पोरानं फोन ठेवला, पैशे सरले त्याचे, असं आळीभर झालं असतं. हसली असती मानसं त्याला." तिने पदराने तोंड पुसलं. "तू आयकलंस ना गो सगळं? त्याचा फोन आला तं सांग त्याला, मी काय काय बोलली ते."

सांगीन म्हटलं. मला वाटलं, आता उठेल. पण ती उठली नाय. दुपारची गाडी येऊन गेली तरी फोनकडे बघत तिथेच बसलेली. तो परत वाजेल असं तिला वाटत होतं. कुठून वाजणार? तिकडे पगाराला अजून आठवडा होता.