जानव्याला बांधलेली किल्ली

आमच्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस पनवेलमध्येच काय, सबंध रायगड जिल्ह्यात झाला नसेल, आणि सावधपणापायी इतका गोत्यात आलेलाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि पहिल्याच दिवशी तिची दुसरी किल्ली लोहाराकडून ठोकून सपाट करून आणली. "जादा किल्ली म्हणजे चोराची सोय," असं त्यांचं म्हणणं. उरलेली एकुलती एक किल्ली ते जानव्याला बांधत. पूर्वीचे लोक तिजोरीची बांधत तशीच, फरक इतकाच की तिजोरी चालवायची नसते. किल्ली लावली की साडू जानव्यासकट पुढे ओढले जात आणि थेट उरणपर्यंत वाकूनच गाडी हाकत. एकदा नाक्यावरच्या हवालदाराने त्यांना खाली उतरायला सांगितलं, तर म्हणाले, "थांबा, आधी सुटतो." शर्टाच्या आत चाललेली ती खटपट पाहून हवालदाराने कागद न बघताच त्यांना जाऊ दिलं. आम्ही हसायचो. "हसा. ही किल्ली हरवायची तर आधी मला हरवावं लागेल," ते शांतपणे सांगत.

मग एका वर्षी नारळी पौर्णिमेला श्रावणी आली, म्हणजे जानवं बदलण्याचा दिवस. देवळात वीस-पंचवीस मंडळी जमली होती. नवी जानवी घालून झाल्यावर जुनी गोळा करून गाढी नदीत सोडण्याचं काम साडूंनी हौसेनं अंगावर घेतलं. पुडक्याला जरा वजन आहे, हे त्यांना जाणवलंही होतं. ते त्यांनी मंडळींच्या वर्षभराच्या पापांचं धरलं. घरी येऊन सदरा घालताना छातीवर हात गेला, तर हाताला नुसतं नवं जानवं लागलं. श्रावणातली नदी दुथडी भरून चाललेली. किल्ली एव्हाना खाडीला लागली असणार.

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. पण त्या दिवशी राखीही होती, आणि चिरनेरला त्यांची थोरली बहीण वाट बघत होती. ताई विधवा, एकट्या. भाऊ येऊन राखी बांधून होईपर्यंत त्या पाणीही पीत नसत. जेवणं झाली की साडू त्यांना गाडीतून करंज्याला समुद्र दाखवायला नेत. वर्षातून तेवढंच एकदा त्या घराबाहेर पडत. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नसे. निरोप द्यावा तर घरी फोन नाही.

मी एसटी स्टँडजवळून किल्लीवाल्या चाचांना घेऊन आलो. नमुना नाही म्हटल्यावर त्यांनी कोरी किल्ली मेणबत्तीच्या काजळीवर धरली, कुलपात घालून हलकेच फिरवली आणि जिथे काजळी खरवडली गेली तिथे कानस मारायला घेतली. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. साडू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होते.

"काका, सबुरी ठेवा," चाचा मान वर न करता म्हणाले. "एक दात जास्ती घासला की सगळी मेहनत बेकार."

तीन तासांनी दार उघडलं, गाडी सुरू झाली. "उद्या या, अजून एक करून ठेवतो," चाचा म्हणाले. साडू जरा घुटमळले आणि म्हणाले, "ठेवा."

चिरनेरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई ओटीवर तबक घेऊन बसलेल्या. त्यांनी उशिराचं कारणही विचारलं नाही. राखी बांधली, दोन घोट पाणी प्यायल्या, आम्हाला नारळीभात वाढला आणि जेवणं उरकताच काठी घेऊन गाडीत जाऊन बसल्या. करंज्याला पोचलो तर काळोख. पौर्णिमा असूनही आभाळ भरलेलं, होड्यांवरचे दिवे तेवढे लुकलुकत होते. "काहीच दिसत नाही गं, ताई," साडू अपराध्यासारखे म्हणाले. "आवाज येतोय की," ताई म्हणाल्या.

पुढचा श्रावण लागायच्या आत ताई गेल्या. त्या श्रावणातल्या पौर्णिमेला साडू मला घेऊन भर दुपारीच करंज्याला गेले. पावसाने उघडीप दिली होती. समुद्र पार क्षितिजापर्यंत लख्ख दिसत होता. साडूंनी ताईंच्या बाजूची काच खाली केली.

"त्या दिवशी तीन तास आधी निघालो असतो," ते म्हणाले, "तर तिलाही दिसला असता."