सव्वापाचची गॅलरी

दादा गेल्याची बातमी मला ऑफिसात फोनवर कळली, आणि ती नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, जपून कशी सांगायची याचा विचार करत मी दुबईत, करामातल्या आमच्या घराकडे निघालो. दादा तिचा थोरला भाऊ. प्रत्येक सिग्नलला मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, आणि त्या नादात, दुपारी लवकर सुटलो की जे करतो तेच हातून झालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो जिलेबी घेतली. दार उघडलं तर आत बिल्डिंगमधल्या चार बायका बसलेल्या. गावाहून फोन आधी घरीच आला होता. नंदानं माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं, मी तिच्याकडे... रडता रडताच तिला हसू आलं. "दादानं खाल्ली असती," एवढंच म्हणाली. बायका उठून गेल्यावर मी खोकं फ्रीजमध्ये ठेवलं. पुढचे आठ दिवस पाण्याची बाटली घेताना ते माझ्याकडे बघत होतं.

दादा मूळचा इतिहासाचा मास्तर. गुहागरकडच्या एका विनाअनुदानित शाळेत दहा वर्षं शिकवलं, आणि पगाराची वाट बघून थकल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो दुबईला आला. एका बांधकाम कंपनीनं त्याला कॅम्प बॉस केलं. चारशे कामगारांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी. कॅम्प मुहैस्नाहला होता. त्या भागाला इथे सगळे सोनापूर म्हणतात. पहिल्याच पत्रात ते नाव वाचून सासूबाईंनी एक वेळचं जेवण सोडलं होतं, कारण त्यांच्या लेखी सोनापूर म्हणजे मुंबईतलं स्मशान. दादानं त्यांना उलट कळवलं, "इथे फक्त उकाड्यानं माणूस अर्धा जळतो, बाकी सगळं छान आहे."

शुक्रवारी आम्ही डबा घेऊन त्याच्याकडे जायचो. मी एस्टिमेशनमधला, बांधकामाच्या खर्चाचे अंदाज काढणारा माणूस, मला कुठेही घोळ दिसला की हात शिवशिवतात. त्या कॅम्पात चार स्वयंपाकघरं होती. पेशावरकडच्यांचं, मल्याळ्यांचं, बंगाल्यांचं आणि आपल्या कोकणातल्यांचं. मी सुंदर रंगीत तक्ता करून दिला. एकच मेस, खोलीच्या क्रमांकानुसार पाळ्या, गॅसची तीस टक्के बचत. दादानं तो चार दिवस राबवला, बहुधा माझं मन राखायला. पाचव्या दिवशी तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिला.

"जावईबापू," तो म्हणाला, "तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांनी प्रत्येक जमातीचा कारभार तिच्याच प्रमुखाकडे ठेवला होता. लग्नं तुमची, भांडणं तुमची, आम्हाला कर वेळेवर द्या. शेकडो वर्षं चाललं. तुमच्या तक्त्यात पहिल्याच दिवशी सुरमईच्या तव्यावर पराठा पडला."

तो असाच बोलायचा. मुघल, उस्मानी, इराणचे सफवी, ही त्याची सख्खी माणसं असल्यासारखी. तोफा आणि घोडदळ मुलूख मिळवायला उपयोगी, पण मिळालेला मुलूख सकाळी उठून पुन्हा रोज मिळवावा लागतो, असं त्याचं म्हणणं. कॅम्पात एक गुलखान होता, पेशावरकडचा सुतार, उंचापुरा. सुरुवातीला दादाच्या प्रत्येक नियमाला त्याचा विरोध. दादानं त्यालाच स्वयंपाकघरांचा प्रमुख केला, आणि चाव्यांचा जुडगा सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. मुघल बादशहा हरलेल्या राजाला त्याचंच राज्य परत द्यायचा, वर दरबारात हुद्दाही, असं तो आमच्या केतकीला समजावत होता. ती तेव्हा नववीत. "मामा, दॅट्स जस्ट ब्रायबिंग," ती म्हणाली.

"होय बाळा. पण लाच चारचौघांत दिली की तिला मान म्हणतात."

आणि गॅलरी. रोज पहाटे सव्वापाचला बसेस लागायच्या, आणि दादा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत येऊन उभा राहायचा. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा पेला. खालून चढणारी माणसं वर बघून हात करायची. शेवटची बस सुटेपर्यंत तो हलायचा नाही. मी चिडवलं तर म्हणाला, मुघल बादशहा रोज सकाळी झरोक्यात येऊन रयतेला दर्शन द्यायचा. एक दिवस दिसला नाही की शहरात अफवा, बाजार बंद. मला ही गोष्ट इतकी आवडली की पार्ट्यांमध्ये मी ती माझ्याच अभ्यासातली म्हणून सांगत असे.

मग एका उन्हाळ्यात दादाला मूतखडा झाला. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिसऱ्या संध्याकाळी गुलखान भेटायला आला, तो पलंगाशी उभाच राहिला. कॅम्पात बोलवा होती की दादाला मुदीरनं गावी पाठवून दिलं, आता नवा माणूस येणार, चारी चुली बंद होणार. "कल कोई बस में नहीं बैठेगा, दादा. मेरा भी नहीं सुनते." मुदीर म्हणजे दादाच्या कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, त्यानं आधीच बजावलं होतं : सातपर्यंत बसेस सुटल्या नाहीत तर बसमध्ये न चढणाऱ्यांची यादी करायची, व्हिसा खलास, सगळे घरी. चारशे घरं होती त्यामागे. दादा माझ्याकडे वळला. "जावईबापू, उद्या तुम्ही उभे राहा."

मी टाय लावून गेलो. हे आठवलं की आजही कान तापतात. सव्वापाचला गॅलरीत आलो, खाली चारशे माणसं बसेसच्या कडेला जमिनीवर बसलेली. मी हात केला. कोणीच केला नाही. मी माझ्या डोंबिवलीच्या हिंदीत सांगितलं की आपके दादा एकदम ठीक है, मैं उनका बहनोई हूँ. खालून एक म्हातारा गवंडी शांतपणे म्हणाला, "बहनोई तो ठीक है साब, आदमी किधर है?" साडेसहा वाजले. मुदीर गेटपाशी कागद घेऊन उभा.

पावणेसातला टॅक्सी आली. आधी नंदा उतरली, मग दादा. हॉस्पिटलचा निळा झगा, हाताला चिकटपट्टीनं धरलेली सलाइनची सुई. तो जिना चढला. दर तीन पायऱ्यांनी थांबत होता, कठडा धरून... आणि वर येऊन मला बाजूला करून उभा राहिला. घोषणा नाही, टाळी नाही. गुलखाननं हात वर केला. मग त्या म्हाताऱ्या गवंड्यानं. मग ती सगळी माणसं मागची माती झटकत उठली. कोणी ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणाला आणि बसेस भरू लागल्या. शेवटची बस गेल्यावर दादा तिथेच लादीवर बसला. मुदीरच्या कागदावर एकही नाव चढलं नाही.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बादशहाचं दर्शन झालं म्हणायचं."

"तो बादशहा आजारी पडला तर त्याचे मुलगे तलवारी उपसून एकमेकांवर गेले," दादा डोळे मिटून म्हणाला. "आमचे नुसते बसून राहिले. आमचेच बरे."

त्यानंतर तो आठ-दहा वर्षं तिथेच होता. गेल्या वर्षी गावी परतला, घराला रंग दिला, अंगणात शाळेतल्या मुलांना फुकट इतिहास शिकवायला लागला, आणि एका दुपारी झोपेतच गेला.

मागच्या आठवड्यात मी कॅम्पात जाऊन आलो, गुलखानला आणि बाकीच्यांना समक्ष सांगायला. मुद्दाम पहाटे गेलो. गॅलरीत एक तेलुगू माणूस उभा होता, नवा कॅम्प बॉस. शर्ट इस्त्रीचा. तो दादाला कधी भेटलेला नाही. इथे का उभे राहता, विचारलं तर म्हणाला, ड्यूटीच आहे, पहिल्या दिवशी खानसाबनी सांगितलं. खालून माणसं हात करत होती. मला फार बरं वाटलं. माणूस जातो, झरोका राहतो, असं काहीतरी भारदस्त वाक्य घरी येईपर्यंत तयारही झालं होतं.

नंदा मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, ते वाक्यही. तिनं ते काड्यांबरोबर बाजूला टाकलं.

"दर्शन कसलं हो. बसेस सुटल्या की मला रोज फोन यायचा त्याचा. आज अमक्यानं वर बघितलं नाही, घरून पत्र आलंय वाटतं. आज तमका लंगडत चढला. मग संध्याकाळी तो त्यांच्या खोलीवर जायचा. तुम्ही तेव्हा दाढी करत असायचात." तिनं जुडी संपवली, हात झटकले. "त्या नव्या माणसाला विचारलंत का, तो कोणाला फोन करतो? कोणी नसेल तर आपला नंबर देऊन या."